पाहुणे मास्तर

बीदरमध्ये चौबाऱ्याकडून किल्ल्याच्या दिशेने निघाले की वाटेत महमूद गवानचा मदरसा लागतो. आपल्या वाचकांपैकी बहुतेकांनी तो पाहिला असेल. शाळेच्या सहलीत तर तो हटकून असतो. दोन मिनारांपैकी एक उभा आहे, भिंतींवर निळ्या-हिरव्या फरश्यांचे उरलेसुरले तुकडे आहेत आणि १६९६ सालच्या स्फोटात जे उडाले त्याची मोकळी जागा आहे. मुलांना तेथे उभे करून मी नेहमी एक प्रश्न विचारतो : "येथे शिकवीत कोण होते?" मुले म्हणतात, "मौलवी." उत्तर बरोबर आहे, पण कोठले मौलवी? मदरसा बांधणारा गवान स्वतः कास्पियन समुद्राकाठच्या गीलान प्रांतातला. १४७२ साली ही इमारत उभी राहिली तेव्हा त्याने विद्वान बोलाविले तेही इराणकडून. हेरातचे प्रसिद्ध कवी जामी यांच्याशीही त्याचा पत्रव्यवहार होता. म्हणजे साडेपाचशे वर्षांपूर्वी आपल्या या बीदरमध्ये परदेशी मास्तरांची मोठी शाळा भरत होती. त्या मास्तरांना येथली जोंधळ्याची भाकरी रुचली का, बाजारात ते कोणत्या भाषेत घासाघीस करीत, पावसाळ्यात त्यांची घरे गळत का, याची नोंद कोणत्याही बखरकाराने ठेवलेली नाही. नोंद आहे ती गवानच्या शेवटाची. परदेशातून आलेले ते आफाकी आणि येथे रुळलेले ते दख्खनी, असे बहमनी दरबारात दोन तट होते. गवान वजीर झाला, राज्य सावरले. परंतु १४८१ साली त्याच्या नावाने एक खोटे पत्र रचले गेले आणि सुलतानाने त्याचा शिरच्छेद करविला.

हे सारे आठवण्याचे कारण वेगळेच आहे. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा गेली सहा वर्षे जपानमधील एका लहान गावात इंग्रजीचा मास्तर आहे. गेल्या दिवाळीत तो रजेवर आला होता. त्या आठवड्यात आमच्या घरी फराळापेक्षा चर्चाच अधिक झाली. "मामा, लिहायचे तर लिहा, पण माझे नाव घालू नका," असे त्याने बजावून ठेवले आहे. तेव्हा वाचकहो, या लेखात तो केवळ 'भाचा' म्हणूनच येईल.

बहीण हैदराबादेत दिलेली. मेहुण्यांचे घराणे भालकीकडचे. पण त्यांचे आजोबा निजामाच्या नोकरीत शिरले आणि हैदराबादचेच झाले. भाचा तेथे पहिलीपासून इंग्रजी शाळेत शिकला. त्याला मराठी शाळेत घालावे असे मी त्या वेळी सुचविले होते. मेहुणे हसले होते. आता कळते की त्या हसण्यामुळेच तो जपानला जाऊ शकला. जपान सरकारचा असा नियम आहे की शाळेत सहायक म्हणून परकी भाषा शिकवावयास येणाऱ्याने त्या भाषेच्या माध्यमातून किमान बारा वर्षे शिक्षण घेतलेले असले पाहिजे. मराठी माध्यमातून शिकून पुढे इंग्रजीत एम. ए. झालेला औराद-बसवकल्याणकडचा एखादा मुलगा कितीही सुरेख इंग्रजी बोलत असला तरी हे दार त्याला बंद आहे. उभा जन्म मराठी माध्यमाच्या सरकारी शाळेत काढलेल्या माणसाला हे वाचताना काय वाटले असेल ते निराळे सांगावयास नको. नियम करणाऱ्याला मोजता येण्यासारखी वर्षेच मोजावी लागतात, हे मीही कार्यालयात बसतो म्हणून समजू शकतो. तरीही भाषा ही माध्यमाच्या दाखल्यावरून ओळखण्याची वस्तू नव्हे, असे माझे मत आहे आणि ते बदलेल असे वाटत नाही.

जपानी शाळांतून परदेशी तरुण इंग्रजी शिकविताना दिसतात तो प्रकार मोठ्या प्रमाणावर १९८७ साली सुरू झाला. त्या वर्षी सरकारी योजनेखाली अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या चार देशांतून ८४८ जण आले. पुढे देश वाढले, माणसे वाढली. २०२० पासून प्राथमिक शाळेच्या पाचवी-सहावीलाही इंग्रजी हा रीतसर विषय झाला, त्यामुळे गरज आणखी वाढली. सरकारी योजनेतल्या माणसाला एकेका वर्षाचा करार मिळतो आणि तो फार तर पाच वर्षे वाढतो. त्याखेरीज खाजगी कंपन्या आहेत; त्या माणसे नेमतात आणि गावोगावच्या शाळांना पुरवितात. भाचा अशाच एका कंपनीमार्फत गेला. दरवर्षी मार्च जवळ आला की करार पुढे चालू राहणार की नाही, याची धाकधूक. शहरांतून इंग्रजी संभाषणाचे खाजगी वर्ग चालतात, त्यांचीही तीच गत. २००७ साली 'नोव्हा' नावाची सर्वांत मोठी वर्गसंस्था एकाएकी बुडाली तेव्हा हजारो परदेशी शिक्षकांचे पगार अडकले आणि काहींवर जेवणाच्या मोबदल्यात शिकविण्याची पाळी आली. आमच्याकडील अतिथी शिक्षकांना हे वर्णन परके वाटणार नाही. 'अतिथी' हा शब्द सरकारने कोणत्या विनोदबुद्धीने निवडला असेल याचे मला नेहमी नवल वाटते.

भाच्याच्या दिनक्रमाविषयी मी खोदून खोदून विचारले, कारण शाळा म्हटली की मला सगळेच जाणून घ्यावेसे वाटते. सकाळी शाळेच्या दारातच बाहेरचे जोडे काढून ठेवावयाचे आणि आतले निराळे जोडे चढवावयाचे. मुलांनीही आणि मास्तरांनीही. प्रत्येकाचा कप्पा ठरलेला. सर्व शिक्षकांची एकच मोठी खोली, तीत इयत्तावार टेबले जोडून मांडलेली. उपमुख्याध्यापक सर्वांना दिसेल अशा जागी बसलेले. सकाळी सगळे उभे राहतात, नमस्कार होतो, दिवसभराच्या सूचना होतात. तास पन्नास मिनिटांचा. दुपारी जेवण वर्गातच. वाढपी मुले पांढरे झगे आणि टोप्या घालून स्वयंपाकघरातून भांडी आणतात, सर्वांना सारखे वाढतात, आणि मास्तर मुलांमध्ये बसून तेच जेवतो. भाताबरोबर दुधाची पेटीही असते, हे ऐकून माझ्या पत्नीने कपाळाला हात लावला. आमटीत, भाजीत, सर्वत्र माशाचा अर्क. पहिल्या वर्षी भाचा घरून डबा नेत असे. मुले विचारीत, "मास्तरांना आमचे जेवण आवडत नाही का?" दुसऱ्या वर्षी त्याने डबा बंद केला. हे त्याच्या आईला आता कळून चुकले आहे, म्हणूनच येथे लिहितो.

जेवणाची ही हकीगत ऐकताना मला आपली 'अक्षर दासोह' योजना आठवत होती. २००२ साली ती राज्यात सुरू झाली ती प्रथम आपल्यासारख्या ईशान्येकडील जिल्ह्यांतूनच. दासोह हा बसवण्णांच्या कल्याणातला शब्द. आपण काम करावे आणि त्यातून दुसऱ्याच्या मुखी घास घालावा असा त्याचा भाव. जपानी शाळेत वाढणारे हात मुलांचेच असतात, हे मला फार आवडले. जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटे झाडलोट. मुले फरशी पुसतात, जिने पुसतात, शौचालये धुतात. मास्तर त्यांच्याबरोबर ओणवा होतो. येथे मुलांच्या हाती झाडू दिसला तर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र येते आणि मुख्याध्यापकाला खुलासा लिहावा लागतो. आपल्याकडील भीती अकारण नाही. झाडू कोणत्या मुलांच्या हाती दिला जात असे, हे ज्याने पाहिले आहे त्याला ती समजेल. पण सर्वांच्याच हाती दिला आणि मास्तरानेही घेतला तर काय होते, हे पाहावयाचे राहून गेले आहे.

भूकंपाचा सराव हाही तेथल्या शाळेचा नित्याचा भाग. सूचना होताच मुले बाकाखाली शिरतात, मग रांगेने मैदानावर येतात, मास्तर शिरगणती करतो. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपाची आठवण म्हणून तो दिवस देशभर पाळतात. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आपल्या भागात ज्याने अनुभवली आहे त्याला याचे मोल सांगावे लागणार नाही. तो दिवस आपण कोणत्या शाळेत पाळतो?

आता भाषेकडे वळतो, कारण मला खरी गोडी तिचीच. जपानी मुलाला व्यंजनावर शब्द थांबवता येत नाही. तो शेवटी स्वर जोडतो. बसला 'बासु' म्हणतो, मिल्कला 'मिरुकु'. भाचा हे तक्रारीच्या सुरात सांगू लागला तेव्हा मला हसू आले. आपले कन्नड शेजारी बसला 'बस्सु' आणि कारला 'कारु' म्हणतातच की! आणि आपण? आपल्या खेड्यातली आजी स्कूलच्या आधी 'इ' जोडून 'इस्कूल' म्हणते. परका शब्द घरात घ्यावयाचा तर त्याचे पाय धुवावेच लागतात.

वाक्यरचनेचे आणखी नवल. जपानी वाक्यात क्रियापद शेवटी येते, मराठी-कन्नडसारखेच. विभक्तीचे प्रत्यय नामाच्या मागून येतात. वडीलधाऱ्यांशी बोलावयाची क्रियापदे निराळी. आणि प्रश्न करावयाचा तर वाक्याच्या शेवटी 'का' लावावयाचा! "हे पुस्तक आहे का?" यातला 'का' जपानीत जसाच्या तसा, त्याच जागी, त्याच कामाला. हा केवळ योगायोग आहे, दोन्ही भाषांचे कूळ एक नाही; पण परदेशात एकट्या पडलेल्या माणसाला असा योगायोगही आधार देतो. भाचा म्हणाला, "मामा, मी इंग्रजीतून जपानी शिकू लागलो तेव्हा डोके उलटे चालवावे लागे. मराठीतून विचार करू लागलो तेव्हा सरळ झाले." इंग्रजीच्या बारा वर्षांच्या जोरावर जो तेथे पोहोचला त्याला तेथे राहावयाचे कसे हे घरातल्या मराठीने शिकविले, ही गोष्ट मी मेहुण्यांना दोनदा ऐकवली.

जपानी अक्षरांचा क्रमही ओळखीचा आहे : आ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. हा क्रम आपल्या वर्णमालेच्या धर्तीवर, बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अध्ययनातून आला असे विद्वान मानतात. इ. स. ७३६ मध्ये बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू जपानला पोहोचला. ७५२ साली नारा येथील महाबुद्धाच्या मूर्तीचे नेत्रोन्मीलन त्याच्या हस्ते झाले आणि तो तेथेच मरण पावला. जपानला गेलेला आपल्याकडचा पहिला नामांकित मास्तर म्हणावयाचा तर तोच. पुढे देणे-घेणे उलट दिशेनेही झाले. जपानमधील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका अण्णासाहेब कर्व्यांच्या वाचनात आली आणि त्यांनी १९१६ साली पुण्यात महिला विद्यापीठ सुरू केले, हे आपण जाणतोच.

परंतु भाच्याच्या नोकरीतले दुखणे भाषेच्या या गमतीजमतींच्या खाली आहे. त्याच्या पदाचे नावच 'सहायक'. वर्ग जपानी शिक्षकाचा. तो सांगेल तेव्हा याने उभे राहून धडा मोठ्याने वाचावयाचा, मुलांनी मागून म्हणावयाचे. "मी म्हणजे पगारी टेपरेकॉर्डर," असे भाचा पहिल्या वर्षी पत्रात लिहीत असे. गुण देणे नाही, पालकांशी बोलणे नाही. सकाळच्या सभेत सर्वांबरोबर उभा राही, पण काय बोलले जाते ते कळत नसे. मान द्यावयाला मात्र कोणी चुकत नसे. समारंभात पुढे बसवीत, दुकानात मुले "सेन्सेई!" म्हणून हाका मारीत.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यातली गोष्ट त्याने मला दिवाळीत सांगितली. फोनवर तो कधी बोलला नव्हता. एके सकाळी उपमुख्याध्यापक सभेत हलक्या आवाजात काही बोलले. सर्वांनी माना खाली घातल्या. यानेही घातली. मग पहिल्या तासाला तो नेहमीप्रमाणे हात उंचावून, मोठ्याने "गुड मॉर्निंग!" करीत वर्गात शिरला. मुले उठली, पण एकाच्याही तोंडून शब्द निघाला नाही. तिसऱ्या रांगेतली एक जागा रिकामी होती. त्या मुलाचे वडील आदल्या रात्री अपघातात गेले होते. पन्नास मिनिटे तो वर्ग कसा चालला हे भाच्याने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. त्याच संध्याकाळी त्याने चित्रलिपीचे पुस्तक विकत घेतले. पुढे दोन वर्षे तो रोज रात्री दहा अक्षरे गिरवीत होता. पाच पातळ्यांच्या जपानी भाषापरीक्षेत वरून दुसरी पातळी तो उत्तीर्ण झाला तेव्हा मुख्याध्यापकांनी त्याला सकाळच्या सभेत प्रथमच दोन वाक्ये बोलावयास सांगितले.

हे ऐकताना मला आमच्याच शाळेत येऊन गेलेल्या एका कन्नड मास्तरांची आठवण झाली. मराठी शाळेतही कन्नड विषय असतोच, आणि २०१५ च्या कन्नड भाषा शिक्षण कायद्यानंतर तर त्याबद्दल प्रश्नच उरलेला नाही. हे सर दक्षिणेकडून, हासनच्या बाजूने आलेले. नाचणीच्या मुद्द्यावर वाढलेला माणूस. आमची जोंधळ्याची भाकरी पहिल्या महिन्यात त्यांच्या घशाखाली उतरत नसे. गावातला निम्मा व्यवहार मराठीत, आणि येथले कन्नडही त्यांच्या कानाला परके. त्यांची बोली मऊ, आमची खडबडीत, तीत उर्दूचे खडे. मुले सुरुवातीला त्यांच्या बोलण्याची नक्कल करीत. सरांनी एक युक्ती केली. ते फळ्यावर एक कन्नड शब्द लिहीत आणि त्याचा मराठी शब्द मुलांनी त्यांना शिकवावयाचा. दुसऱ्या दिवशी मुलांची परीक्षा ते घेत आणि त्यांची परीक्षा मुले घेत. सर नापास झाले की वर्गात आनंदीआनंद. मार्गशीर्षात वेळ अमावस्या आली तेव्हा तीन घरांतून त्यांना शेतावर जेवणाचे बोलावणे होते. भज्जी आणि आंबील घेत ज्वारीच्या कोपीजवळ बसलेले सर मला अजून दिसतात. नऊ वर्षे राहिले. बदली मागून घेतली ती आईच्या आजारपणामुळे. निरोपाच्या दिवशी त्यांनी मराठीत भाषण केले. त्यात लिंगाच्या चुका पुष्कळ होत्या आणि एकही मूल हसले नाही.

मात्र आमच्या त्या सरांना एक गोष्ट कधी अडली नाही. ते परके असले तरी राज्याचे पूर्ण शिक्षक होते; उद्या मुख्याध्यापकही होऊ शकले असते. जपानमध्ये भाच्याची वाट येथेच अडते. १९९१ सालच्या जपानी शिक्षणखात्याच्या पत्रकाप्रमाणे परदेशी नागरिकाला सरकारी शाळेत कायम नेमता येते ते 'व्याख्याता' म्हणून. शिक्षण तेच, वर्ग तेच; पण शाळेच्या कारभारात भाग घेण्याची पदे त्याला बहुतेक ठिकाणी मिळत नाहीत. मुख्याध्यापकपद तर नाहीच. भाच्याला आता तेथली शिक्षकी पदविका घेऊन पूर्ण मास्तर व्हावयाचे आहे. त्याची वाट शेवटी नागरिकत्वाच्या कचेरीपाशी येते.

एक मराठी माणूस त्या वाटेने शेवटपर्यंत गेला आहे. योगेंद्र पुराणिक हे पुण्यात जपानी शिकलेले गृहस्थ २००१ पासून जपानमध्ये राहिले, संगणक आणि बँकांच्या क्षेत्रात त्यांनी नोकऱ्या केल्या. २०१२ साली त्यांनी जपानचे नागरिकत्व घेतले. २०१९ मध्ये तोक्योच्या एदोगावा विभागाच्या सभेवर ते निवडून आले. पुढे इबाराकी प्रांताने खुल्या भरतीतून माणसे मागविली तेव्हा त्यांची निवड झाली. २०२२ साली ते त्सुचिउरा येथील शतकाहून जुन्या सरकारी विद्यालयाचे उपप्रमुख आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये प्रमुख झाले. ही बातमी वाचली त्या दिवशी मी कार्यालयातल्या सर्वांना चहा पाजला. त्यांचा-माझा परिचय नाही, पण मुख्याध्यापकाच्या खुर्चीची जात मला ठाऊक आहे. छप्पर गळले तर तिच्याकडे येतात, मूल पडले तर तिच्याकडे येतात आणि वरून पत्र आले की तिलाच उत्तर द्यावे लागते. जपानी पालक आपल्या मुलाविषयीची तक्रार घेऊन एका मराठी माणसासमोर बसले असतील, हे चित्र मला कोणत्याही सत्कारापेक्षा मोठे वाटते.

या खुर्चीची किंमत काय, हे मात्र त्याहून जुन्या एका उदाहरणावरून कळते. लाफ्काडिओ हर्न हा आयरिश बापाचा आणि ग्रीक आईचा मुलगा १८९० साली मात्सुए या गावी इंग्रजी शिकवावयास गेला. परदेशी मास्तरांना त्या काळी जपान सरकार घसघशीत पगार देई. हर्नला महिना शंभर येन मिळत. तेथल्याच कोइझुमी घराण्यातील सेत्सुशी त्याने लग्न केले. आपल्यामागे बायकोमुलांचे हक्क बुडू नयेत म्हणून १८९६ साली तो जपानी नागरिक झाला आणि सासरचे नाव लावून कोइझुमी याकुमो झाला. नागरिक झालो की पगार देशी मापाने मोजतील, ही शंका त्याला आधीपासून होती. तोक्योच्या विद्यापीठात तो सात वर्षे इंग्रजी साहित्य शिकवीत होता. १९०३ साली विद्यापीठाने त्याला निरोप दिला. विद्यार्थ्यांनी विरोध केला, उपयोग झाला नाही. त्याच्या जागी आलेल्यांत इंग्लंडहून परतलेले नात्सुमे सोसेकी होते. पुढे ते जपानचे थोर कादंबरीकार झाले. देशात शिकलेली माणसे तयार झाली की पाहुण्याची गरज संपते, यात विद्यापीठाला दोष देता येत नाही. पण ज्याने पाहुणेपण स्वतःहून सोडले होते त्याच्याही वाट्याला पाहुण्याचाच निरोप यावा, हे मनाला लागते. पुढच्या वर्षी हर्न वारला. जपानी लोक आज त्याच्या भूतकथा आपल्या म्हणून वाचतात.

दिवाळीत घरी जी चर्चा झाली ती याच प्रश्नावर. जपान दुहेरी नागरिकत्व मानीत नाही, भारतही मानीत नाही. भाच्याने तेथले घेतले तर येथला पारपत्र परत करावा लागेल. मग परदेशस्थ भारतीयाचे कार्ड घेऊन तो आईला भेटावयास येईल. कार्डावर येणे-जाणे सोपे असते, हे सर्वांनी बहिणीला समजावून सांगितले. ती म्हणाली, "येण्याजाण्याचे मी कोठे विचारते आहे?" मेहुणे अर्थातच बाजूचे होते : कष्ट केले, भाषा शिकला, मग अर्ध्या भाकरीवर का राहावे? माझ्या पत्नीने विचारले, "आणि हर्नसारखे झाले तर?" भाचा म्हणाला, "मामी, कराराच्या कागदावर तर ते दरवर्षीच होऊ शकते."

मला वडिलांची आठवण येत होती. ते निजामाच्या शाळेत उर्दूतून शिकले. घरी मराठी, देवापुढे संस्कृत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बीदर म्हैसूर राज्यात आले तेव्हा ते तहसिलात कारकून होते. उदगीरकडचे नातेवाईक पलीकडे गेले. वडिलांनी घर सोडले नाही, गाव सोडले नाही; कागदांची भाषा मात्र बदलली. विशी उलटल्यावर ते रात्री कंदिलापाशी कन्नड बाराखडी गिरवीत बसत, असे आई सांगे. पुढे त्यांच्या कन्नड टिप्पण्या कचेरीत नमुना म्हणून दाखवीत. त्यांना कोणी नागरिकत्वाचा अर्ज भरावयास लावला नाही, हा त्यांच्यात आणि भाच्यात मोठाच फरक. भाच्याला सही करावी लागेल, आणि सही करणाऱ्याला आपण काय सोडतो आहोत ते वाचावे लागते. वडिलांना तसे काही सोडावे लागले नाही. आमच्या घरात मराठी राहिली, तिच्याशेजारी कन्नड येऊन बसली.

म्हणून भाच्याने माझे मत विचारले तेव्हा मी सांगितले : घे. मुलांच्या बापाच्या मरणाची बातमी सभेत सांगितली जाते तेव्हा ती ज्याला कळते, तो त्या शाळेचा झालेला असतो. कागद मागून आला तरी चालेल, पण आलाच पाहिजे, नाही तर त्या मुलाच्या घरी सांत्वनाला जाण्याचा अधिकारही 'सहायका'ला राहत नाही. बहीण चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी तिने बेसनाचे लाडू पाठविले, तेव्हा राग ओसरला असावा. पण दर रविवारी फोन करून ती विचारते, "त्याने अर्ज भरला का?" भाच्याचे उत्तर अजून तेच आहे. अर्ज आणला आहे, खणात आहे.

त्याची मुलगी येत्या एप्रिलमध्ये तेथल्या शाळेत पहिलीत जाईल. पाठीवरचे कातडी दप्तर घेऊन झाले आहे. जाताना भाच्याने माझ्याकडे आपल्या कर्नाटक सरकारची मराठी पहिलीची आणि दुसरीची पाठ्यपुस्तके मागितली. महाराष्ट्राची पुस्तके पुण्याहून सहज मिळतील असे मी म्हणालो. पण त्याला हीच हवी होती, यांत मधूनमधून कन्नड नावांची मुले आणि बीदरचा किल्ला येतो म्हणून. गेल्या आठवड्यात मी ती टपालाने रवाना केली. सोबत वेळ अमावस्येचा एक फोटो आणि लाडूंचा डबा ठेवला होता. टपाल कचेरीतल्या बाईंनी डबा काढून ठेवावयास सांगितले. खाण्याच्या पदार्थासाठी निराळा फॉर्म लागतो म्हणे. पुस्तके गेली आहेत.